आखणीआधीचा शेक

"टोचून टाका, डॉक्टरबाई. आत्ताच. आठवड्याभरात देव बाहेर पडायचेत."

दिगंबरकाका एक डोळा मिटून बोलत होते. करी रोडच्या एका गणपती कारखान्यात ते आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. आणि त्यांच्याच पापणीवर रांजणवाडी. लाल, टपोरी, वर उगाळलेल्या लवंगेचा लेप.

लवंग आधी धुऊन काढली. मग सांगितलं, टोचणार नाही. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी आलेलं गळू. तिथली तेलाची बारीक ग्रंथी तुंबते, जंतू शिरतात. दाबली, सुईनं फोडली, तर इन्फेक्शन पसरतं. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा सोसवेल असा शेक घ्यायचा, दिवसातून तीन-चारदा. बहुतेक वेळा आपोआप निचरा होतो.

"शेकायला बसलो तर मालक आखणी दुसऱ्याला देतलो. मग फुडच्या वर्षी माका कोण इचारता?"

"आधी कधी झाली होती?"

"दर सीझनला होते."

दर सीझनला. हे मला खटकलं. ओपीडी संपल्यावर मी कारखान्यात गेले, कारण शोधायला आणि मालकाशी भांडायलाही.

ताडपत्रीतून गाळून आलेला पिवळा उजेड. त्यात शाडूची धूळ तरंगत होती, खाली बसायची घाई नसल्यासारखी. रांगेनं गणपती बसलेले, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. सगळे मिळून एकच स्वप्न बघत असावेत. मी भांडायला आले होते, ते क्षणभर विसरलेच.

काका एका मूर्तीपुढे बसले. तिच्या पायांना हात लावला, तीच बोटं स्वतःच्या दोन्ही डोळ्यांना लावली, मग ब्रश उचलला. पुढची मूर्ती, पुन्हा तेच. बोटांवर रंग, धूळ, सकाळपासूनचं सगळं.

"काका, हे बंद करा."

कारखान्यातले हात थांबले.

"देवाच्या पाया पडून हात डोळ्यांना लावायचा नाही?"

"लावा. आधी धुवा."

"प्रत्येक देवाला?"

"प्रत्येक देवाला."

मागून मालक म्हणाले, "ताई, अशानं आमचे गणपती दिवाळीत जातील."

कॉलेजपासून आरोग्याची पत्रकं वाटत आलेय. गप्प बसणं तेवढं शिकायचं राहिलं. "शेठ, देवासाठी महिनाभर आधी मांडव घालता. त्याला डोळे देणाऱ्या माणसाला शेकायला दहा मिनिटं नाहीत? ही मूर्ती बघा. एका डोळ्यानं आखलेली. द्या गिऱ्हाइकाला."

मूर्तीचा डावा डोळा जरा वर चढला होता. मालकांनी वाकून तो डोळा बघितला. म्हणाले, "पाणी ठेवा रे गॅसवर."

काका भिंतीला टेकून बसले, पापणीवर ऊन फडकं. दोन्ही बाजूंना बिनडोळ्यांचे देव. पंख्याच्या घरघरीत कोण झोपलंय आणि कोण जागं व्हायचंय, कळेना. मीही थोडा वेळ डोळे मिटले.

दोन दिवसांत गळू आपोआप फुटलं. सूज उतरल्यावर काका पुन्हा आखणीला बसले. मी बघायला गेले तेव्हा मूर्तींच्या ओळीपाशी बादली आणि साबण होता. काकांनी पायांना हात लावला. हात सवयीनं वर निघाला, अर्ध्यात थांबला, बादलीकडे वळला. धुतला, पुसला, मग डोळ्यांना लावला. ब्रश टेकला, आणि समोरचा गणपती जागा झाला.

आमच्या पत्रकावर 'डोळ्यांना हात लावू नका' असं ठळक छापलेलं होतं. आता 'हात धुऊन लावा' असं आहे. शेक कसा घ्यायचा तेही छापलंय. शेकायची सवड मात्र छापून मिळत नाही. ती मालकाशी भांडूनच घ्यावी लागते.