मार्थाआक्कांचा शुक्रवारचा तास

मार्थाआक्का गेल्याची बातमी मला वर्गातच कळली. शुक्रवार होता, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. आमची छोटी शाळा बाजाराच्या अगदी जवळ, त्यामुळे शुक्रवारी पाढ्यांना गाई-वासरांच्या हंबरण्याची साथ असते. कोमलचे वडील रावसाहेब दारात आले. एरवी ते चपला काढून सरळ मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्या दिवशी दारातच उभे राहिले. “बाई, आक्का गेल्या. पहाटं, झोपंतच...” एवढंच म्हणाले. मी हातातला खडू खाली ठेवला आणि चौथीच्या पोरांसमोर रडले. शिक्षिकेने असं रडू नये म्हणतात. म्हणोत.

आक्कांची बाजाराच्या फाटकाशी चहाची टपरी होती. त्या एक दिवसही शाळेत गेलेल्या नव्हत्या. चर्चमध्ये प्रार्थनेला गेल्यावर गाण्यांचं पुस्तक हातात धरायच्या, पण गाणी सगळी ऐकून पाठ केलेली. अशा बाईने दोन वर्षांपूर्वी मला माझं काम शिकवलं, आणि मी काही ते खुशीने शिकले नाही.

तेव्हा कोमल दुसरीत होती. रावसाहेब शेळ्यांचा व्यापार करतात. टपरीवर चहा पिता पिता ते लेकीचं कौतुक सांगत होते, तेव्हा आक्कांनी त्यांना विचारलं, “शेळी घेताना दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. पोरगी दोन वर्षं शाळंत जाती, तिचं काय बघितलं?” रावसाहेब म्हणाले, “बाईंनी प्रगतिपुस्तकावर सही मागितली, म्या दिली.” झालं! आक्कांनी गिऱ्हाइकं तशीच सोडली आणि रावसाहेबांना आणि त्यांच्या बायकोला, सुनीताला, घेऊन माझ्या वर्गात शिरल्या. सुनीता तर शाळेच्या फाटकाच्या आत यायलाच तयार नव्हती. आक्कांनी तिला दंडाला धरून आणलं.

कोमलने पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट फिरवत धडा घडाघडा वाचला. आईबापांचे चेहरे फुलले. माझाही फुलला, खोटं का बोलू? आक्का म्हणाल्या, “लई छान. आता खालच्या वळीपासून वर वाच.” कोमलचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. पोरीला धडा पाठ होता. वाचता एक शब्दही येत नव्हता.

माझा संताप अनावर झाला. प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक’ असं मीच लिहिलं होतं ना! मी म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या नाही, मला शिकवायला येऊ नका.” आक्का शांतपणे म्हणाल्या, “शिकले न्हाई म्हनून तर आले, बाई. शिकले असते तर घरीच कळलं असतं.”

आठवडाभर मी धुमसत होते. मग स्वतःच टपरीवर गेले. तिथे आक्कांनी त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. तोही असाच घडाघडा वाचायचा आणि आक्का शेजारीपाजारी सांगत सुटायच्या. तो सातवीत असताना श्रीरामपूरच्या स्टँडवर त्यांनी त्याला नेवाशाची गाडी बघायला पाठवलं, तर तो पाटी न बघता एकेका ड्रायव्हरला विचारत फिरत होता. “मला वाचता येत न्हाई, याची मला लाज न्हाई,” त्या म्हणाल्या, “पर सात वर्षं पोरगं मला फसवत हुतं आन् म्या कौतुक करीत बसले, याची हाय.” तो मुलगा आता टेम्पो चालवतो आणि पत्ते विचारत विचारत पोचतो.

तिथून शुक्रवारचा तास सुरू झाला. मधल्या सुट्टीनंतर बाजाराला आलेले आईबाप वर्गात यायचे आणि आपल्या पोराला वाचायला सांगायचे, कधी मधूनच, कधी खालून वर. आक्कांची सक्त ताकीद होती की अडखळलं म्हणून पोराला मारायचं नाही, नाहीतर ते पुन्हा पाठ करून फसवील. आणि शेजारणीच्या पोराचं नाव काढायचं नाही. जे येत नाही ते बाईंना विचारायचं, दबून नाही, सरळ विचारायचं. सुरुवातीचे कित्येक शुक्रवार मी घड्याळाकडे बघत काढले. पण कोमल दिवाळीपर्यंत वाचायला लागली. तिच्यासारखी आणखी सात पोरं माझ्याच वर्गात निघाली, हे इथे लिहायला मला आजही जड जातं.

मग तालुक्याहून शिक्षण खात्याच्या साहेबांचा तोंडी हुकूम आला, शिकवणं चालू असताना वर्गात बाहेरची माणसं नकोत. पुढच्या शुक्रवारी आक्कांनी सगळ्यांना वऱ्हांड्यात बसवलं आणि मला म्हणाल्या, “बाई, खिडक्या उघडा.” साहेब स्वतः बघायला आले. त्यांनी दरडावून विचारलं, “तुमचं कोण आहे या शाळेत?” आक्का म्हणाल्या, “कोन न्हाई, सायेब. म्हनून तर बोलते. ह्यांची लेकरं तुमच्या हातात हायेत, ह्ये कसे बोलतील?” साहेब चहाही न घेता गेले. हुकूम काही लेखी आला नाही, आणि पालक पुन्हा बाकावर येऊन बसले.

आक्कांच्या शोकसभेत एक पाहुणे म्हणाले, “अशिक्षित असूनही त्यांनी शिक्षणावर प्रेम केलं.” मी उठून उभी राहिले आणि म्हटलं की ते ‘असूनही’ मागे घ्या. लोकांना ते आवडलं नाही. न आवडू दे. आक्कांना शिक्षणाचं प्रेमबिम नव्हतं, त्यांना जाब हवा होता. शिकलेल्या आम्ही सगळ्यांनी मिळून जे झाकलं होतं, ते त्यांनी उघडं केलं.

गेल्या शुक्रवारी मुख्याध्यापक मला म्हणाले, “आता आक्का नाहीत, तर शुक्रवारचं ते बंद करू या. अभ्यासक्रम मागे राहतो.” आणि मी... मी गप्प बसले. दोन वर्षं दर शुक्रवारी घाम फुटलेला, आता सुटका होतेय असं क्षणभर वाटलंही. आम्ही वर्गाच्या दारातच बोलत होतो. मागच्या बाकावरून सुनीता उठली. दोन वर्षांत शाळेत तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

“सर, आक्काचं कोनी न्हवतं हितं, तरी ती येत हुती. आमची तर लेकरं हायेत. बंद कशापायी करायचं?”

मग ती माझ्याकडे वळली. “आन् बाई, कोमलला भागाकार जमत न्हाई. बाकी उरली की अडती. म्या चारदा इचारलं तिला. तुमी नीट शिकवला का न्हाई?”

भर वर्गात, पोरांसमोर विचारलं तिने. मला चांगलाच राग आला. कान तापले. मग मी फळा पुसला, सुनीताला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं आणि भागाकार पहिल्यापासून शिकवायला घेतला.