बाहेरची काठी

जानूभाऊ गेल्याचं मला तलासरीच्या स्टँडवर कळलं. नरपडहून मी त्यांच्याकडेच निघालो होतो, पिशवीत बागेतले चिकू होते. जीपवाला म्हणाला, "गुरुजी, परवाच झालं." चिकू त्यालाच दिले आणि उलट्या पावली घरी आलो... पळपुटेपणाच तो, दुसरं काय! पण वहिनींसमोर जायचा धीर होईना. चार वर्षं त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती मी.

जानूभाऊंच्या पाड्यावरच्या शाळेत मी अकरा वर्षं मास्तरकी केली. त्यांचं घर शाळेला लागून, शाळेची किल्ली त्यांच्याकडेच असे. मी बडबड्या, ते मोजून चार शब्द बोलणार. तरी आमचं जमलं. २०१४ साली मी निवृत्त झालो, पण महिन्यातून एकदा पाड्यावर चक्कर ठरलेली.

पुढच्या वर्षी माघ सरता सरता असाच गेलो होतो. डोंगरापलीकडे त्यांची मुलगी दिलेली, तिच्याकडे जेवून आम्ही दुपारी परत निघालो. वाट देवाच्या रानातून जाते. तिथलं झाड कुणी कधी तोडलेलं नाही. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे बेहडे, मांडीएवढ्या जाड वेली, खाली घोट्यापर्यंत पाला. चपला हातात घेऊन जायचं, बोलायचं नाही आणि आतलं काही बाहेर आणायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. मी हे पोरांना वर्गात शिकवलेलं. पण गुडघा ठणकत होता, पायाशी एक सरळ फांदी पडली होती आणि जानूभाऊ पुढे होते. उचलली.

त्या दिवशी रानात एक पाखरू बोलत नव्हतं, वारा पडलेला. बाहेर आलो तर पश्चिमेकडे आभाळ काळं झालेलं. जानूभाऊंच्या खळ्यावर वर्षभराचा वाल उघडा पसरला होता आणि घरी वहिनी एकट्या, त्यात त्यांची कंबर धरलेली. आम्ही झपाझप उतरायला लागलो. ओहोळाशी मला हात द्यायला ते वळले आणि काठी दिसली.

"गुरुजी, ही आतली ना?"

मी म्हटलं, वाळकं लाकूड ते, उद्या ठेवू, आधी वाल वाचवा. वर मास्तरी आवाजात थोडं ज्ञानही पाजळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाल माझा आहे. भिजला तर भिजला. काठी माझी नाही."

जन्मभर मी दुसऱ्यांचे कान धरले, माझा कान धरणारा हा एकच माणूस. तुम्ही पुढे व्हा, मी ठेवून येतो म्हटलं, तर त्यांनी नुसतं माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि सोबत चढायला लागले. काठी जागेवर ठेवली. उतरताना त्यांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, म्हणजे आणखी उशीर. ओहोळाशीच वादळानं गाठलं.

पोचलो तेव्हा वहिनींनी निम्मा वाल ताडपत्रीखाली ओढला होता. निम्मा भिजला, पुढे काळा पडला. एवढा उशीर का, असं त्यांनी विचारलं. जानूभाऊ म्हणाले, वाटेत थांबलो. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. एरवी तोंडाला कुलूप नाही माझ्या!

आठवड्यानं जानूभाऊ नरपडला आले. हातात बांबूची काठी, पेर न् पेर तासून गुळगुळीत केलेली. "ही बाहेरची," एवढंच म्हणाले.

शेवटी गेल्या रविवारी, दीड महिन्यानं, मी पाड्यावर गेलो. वहिनी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे, गुरुजी. त्याच रात्री सांगितलं त्यांनी. तुमची काठी मीच तासली."

काठी माझ्या दाराशी उभी असते. चार वर्षं मी तिला जानूभाऊंची काठी म्हणत होतो.