पासवर्ड वाशिंदला होता

विकत घेतलेला गेम आपला असतो, की ज्या ऑनलाइन दुकानातून तो चालतो त्या दुकानाचा, यावर इंटरनेटवर मुलं तावातावाने भांडतात. मी ते वाद वाचतो. काही म्हणतात, कंपनीने कुलूप लावलंच पाहिजे, नाहीतर चोऱ्या होतात. काही म्हणतात, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला परवानगी कसली? मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, म्हणून मी कधी काही लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वादात मला कंपनी दिसतच नाही. मला वाशिंदचा एक मुलगा दिसतो.

शहापूरच्या कॉलेजात आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. मी शेणव्याकडचा, भातशेतीच्या घरातला, कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. दुसरा डोळखांबच्या वरच्या एका पाड्यातला. तो वसतिगृहात राहायचा आणि कॉलेज सुटलं की बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचा. तिसरा वाशिंदचा. वडिलांची कल्याणला नोकरी, नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट, घरी कॉम्प्युटर आणि नेट.

तिघांनी पैसे घालून बंदुकांचा एक गेम घेतला. नकली डिस्क कुठेही मिळत होती, पण आम्ही ओरिजिनल घेतला, खोक्यातला. त्यात खेळण्याखेरीज आपल्या मनाने घरं, रस्ते, डोंगर बांधायचा एक प्रोग्रॅम होता, आणि डोळखांबवाल्याला तोच हवा होता.

डिस्क आळीपाळीने फिरेल असं आम्ही धरून चाललो. आमच्याकडे लावणीला सावड असते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बैलजोडीही तशीच फिरते. ती काल कोणाच्या गोठ्यात बांधली होती हे आज नांगर विचारत नाही. डिस्क पहिल्यांदा वाशिंदला गेली, कारण घरचं नेट त्याच्याकडेच होतं. त्याने खोक्यातल्या कागदावरचा कोड टाकून स्वतःच्या नावाने अकाउंट उघडलं. पुढच्या आठवड्यात आम्ही झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तीच डिस्क घातली, तोच कोड टाकला. पडद्यावर आलं की हा कोड दुसऱ्या अकाउंटला लागलेला आहे, आता कोणालाही लागणार नाही. डिस्क आमच्या हातात होती आणि गेम वाशिंदला राहिला होता.

त्याने हसत पासवर्ड दिला. पण एका वेळी एकालाच आत जाता येई. तो वाशिंदला घरी लॉगिन झाला की शहापुरातला आपोआप बाहेर फेकला जाई. हे त्याला कळलं, आणि मग खोक्यातल्या गेमपेक्षा हाच गेम त्याला जास्त आवडायला लागला.

डोळखांबवाला गोळीबार खेळायचाच नाही. तो आपला पाडा बांधत होता. उतार, कुडाची घरं, नाचणीचे तुकडे, विहिरीकडे वळणारी वाट. घरी जाऊन आला की नवीन काहीतरी नीट बघून आलेला असायचा, कोणाचा उंबरा, कोणाच्या गोठ्याचं छप्पर. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बांधायला बसायचा. बांधलेलं अकाउंटमध्येच साठायचं, आत शिरलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायचं. वाशिंदवाला नेमका त्याच वेळी लॉगिन व्हायचा. सेव्ह न केलेलं सगळं जायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचा, काल किती घरं पडली रे तुमच्या पाड्यात? मग पासवर्ड बदलायचा. नवीन पासवर्ड हवा असेल तर आधी त्याची प्रॅक्टिकलची जर्नलं उतरवून द्यायची. डोळखांबवाल्याचं अक्षर सुंदर होतं. त्याने वर्षभर दोघांची जर्नलं लिहिली.

एका रविवारी वाशिंदवाल्याने आम्हाला घरी बोलावलं. पाडा उघडला, बंदूक घेतली आणि घराघरात शिरून भिंतींवर गोळ्या झाडत सुटला. मग खुर्ची वळवून म्हणाला, "घरात कोनच नाय रे. आई बनव ना तुजी. उडवायला कायतरी पायजे."

"आई भट्टीवर गेलीय," डोळखांबवाला म्हणाला.

कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं तो म्हणाला. त्याच्या घरचे दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात ते पावसाला परतत. त्या वर्षी वडिलांचा निरोप आला होता की एक माणूस कमी पडतो, भट्टीचा शेठ कटकट करतो, महिनाअखेर तू ये. गेला असता तर परीक्षा बुडाली असती, आणि परत कोण येतं?

त्याच सुमाराला दुकानात एका बिल्डरच्या ऑफिसातला माणूस पत्रकं छापायला आला. पडद्यावर पाड्यातून चालत जाता येतंय हे बघून तो थबकला. वाशिंदला त्यांच्या इमारती उभ्या राहायच्या होत्या, आणि गिऱ्हाइकाला न बांधलेला फ्लॅट असाच फिरून दाखवता आला तर ते साहेबाला हवंच होतं. गुरुवारी ये, साहेबाला दाखव, जमलं तर पगारावर घेतील, असं तो सांगून गेला. डोळखांबवाल्याने वडिलांना निरोप पाठवला की मी येत नाही. मग वाशिंदवाल्याला सगळं सांगितलं आणि विनवलं, गुरुवारी सकाळी तेवढा लॉगिन होऊ नको. तो म्हणाला, नाय होत, जा.

गुरुवारी मी सोबत गेलो. ऑफिस नवंकोरं होतं, फरशीवर अजून सिमेंटचे डाग होते. डिस्क घालून, पासवर्ड टाकून सगळं तयार ठेवलं. साहेब आले, उभ्यानेच बघू लागले. डोळखांबवाला उतारावरून खाली आला, दोन घरं दाखवली, विहिरीकडे वळला आणि पडदा गेला. हे अकाउंट दुसरीकडे सुरू झालं आहे, एवढंच आलं. त्याने परत पासवर्ड टाकला. परत बाहेर. तिसऱ्यांदा पासवर्डच चुकीचा ठरला.

मी ऑफिसच्या फोनवरून वाशिंदवाल्याला फोन लावला. म्हटलं, अरे, साहेब उभे आहेत.

"डिस्क हाय ना तुमच्याकडं?" तो म्हणाला. "डिस्क दाखवा साहेबाला."

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला, कोण बोलतंय ते विचारलं आणि त्याला बोलावून घेतलं. तो लगेच बाइकवर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्चीत बसला, पासवर्ड टाकला आणि साहेबांना पाड्यातून फिरवून आणलं. विहीर दाखवली, गोठे दाखवले. "अकाउंट माझं आहे, सर," तो अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला. "हा माझ्याकडे शिकतो."

मी धीर करून म्हटलं, की साहेब, बांधलंय ते याने. बोलताना माझा आवाज फार लहान निघाला.

"असेल," साहेब म्हणाले. "पण उघडलं कोणी?"

साहेबांनी वाशिंदवाल्याचा मोबाइल नंबर घेतला, काम त्याच्याशी ठरवलं, पगारही त्याच्याच हाती द्यायचा ठरला. नमुन्याचा एक फ्लॅट संध्याकाळपर्यंत पडद्यावर बघायला हवा म्हणाले आणि साइटवर निघून गेले.

आम्ही तिघंच उरलो. निघून जाऊ, असं मी खुणेने सांगितलं. डोळखांबवाल्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्याने भट्टी आणि ही खुर्ची शेजारी शेजारी ठेवून पाहिली असावी. वाशिंदवाला गेममधून बाहेर पडला, उठला, खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "बस. दोन बेडरूम, हॉल, किचन. तुला कळतं ना हॉल म्हंजे काय?"

तो बसला. स्क्रीन पासवर्ड मागत होती.

"शेठ, पासवर्ड टाका," तो म्हणाला.

इतके दिवस दोघं एकमेकांना अरेतुरे करत होते. वाशिंदवाल्याला ती गंमत वाटली, तो मोठ्याने हसला. डोळखांबवाला हसला नाही, हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला. मग वाशिंदवाल्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, आणि आम्ही केलं.