प्रार्थनेत बंद पडणारा कूलर

अंगात येणं, चकवा लागणं, रिकाम्या घरात पावलं वाजणं... असं काही कोणी सांगायला लागलं की "जेवला होता का नीट?" असं विचारणारी मी बाई आहे. आम्ही ख्रिस्ती. देवावर विश्वास आहे, बाकी कशावर नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येते आहे. एखादं भूतबित असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझ्या नशिबी आला कूलर!

आम्ही रायपूरला शंकर नगरात राहतो. मूळचे अमरावतीकडचे, पण सासरे रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मी, माझे मिस्टर सुधाकर आणि कॉलेजात जाणारी आमची लेक रिंकी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. हॉलच्या खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर आहे, तात्यापाऱ्याच्या बाजारातून घेतलेला. मे महिन्यात तो बंद म्हणजे माणसाचा पापड.

तर त्याच मे महिन्यात यांच्या मानेला गाठ आली. बायोप्सी झाली. रिपोर्ट यायचा होता.

आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, रीत सांगते. प्रार्थनेत मागताना शंका दाखवायची नाही. मिळायच्या आधीच, मिळालं म्हणून आभार मानायचे. कोणी "भीती वाटते" म्हटलं की लगेच "भगिनी, विश्वासात कमी पडू नका." आणि हे तर प्रार्थनेसाठी नावाजलेले! लोक आजारपणात यांना घरी बोलावून नेतात. मग स्वतःच्या वेळी कसे कमी पडतील?

संध्याकाळी जेवणाआधी आमच्या घरी तिघांची प्रार्थना होते. यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं — "हे प्रभू, रिपोर्ट चांगला दिल्याबद्दल मी तुझे आभार मानतो. माझे मन शांत आहे..." — आणि कूलर बंद. पंखा चालू, ट्यूबलाइट चालू, फक्त कूलर बंद. "आमेन" म्हटलं आणि घर्रर्र करून परत सुरू!

पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी तेच. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सगळं उघडलं, कंडेन्सर बदलला, वायरी आवळल्या आणि म्हणाला, "दीदी, कूलर तो एकदम मस्त है." मस्त! संध्याकाळी "माझे मन शांत आहे" म्हणताच मस्त कूलर पुन्हा गप्प.

मग मी चिडून लक्षच ठेवायला लागले. रिंकीने प्रार्थना केली — "प्रभु, पढ़ाई कुछ नहीं की है, कल बचा लेना." कूलर छान चालू. मी म्हटलं, "प्रभू, माझा पूर्ण विश्वास आहे" — बंद. माझ्या नणंदेला भरपूर आशीर्वाद दे म्हटलं, तर इतका झटकन बंद पडला की रिंकी डोळे मिटूनच हसायला लागली. सांगा आता! घरात पाहुण्यांसमोर प्रार्थना करायची सोय राहिली नाही.

रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी यांनी पुन्हा प्रार्थना सुरू केली. तेच आभार, तेच शांत मन. कूलर बंद. यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आवाज मात्र खणखणीत. माझं डोकंच फिरलं. मी प्रार्थनेच्या मधेच बोलले. आमच्या घरात असं कधी कोणी केलं नव्हतं.

"अहो, बस करा! काहून त्याच्याशी खोटं बोलून राहिले? त्याले मालूम नाही का? तो का मंडळीतला आहे, उद्या चार लोकांत सांगाले?"

"मम्मी..." रिंकी घाबरून म्हणाली.

यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. मला वाटलं, आता उठून जातील. प्रार्थनेत हे नेहमी पुस्तकातली मराठी बोलतात. त्या दिवशी घरची बोलले.

"प्रभू... मले लई भेव वाटून राहिलं. मले मरायचं नाही. पोरीचं अजून सगळंच बाकी आहे. तू ऐकतं का नाही, तेही मले आता समजत नाही. पण दुसऱ्या कोणाले सांगू? तुलेच सांगून राहिलो..."

कूलर सुरू झाला. आमेन व्हायच्या आधी, यांचं बोलणं चालू असताना. ओल्या वाळ्याचा गार वारा थेट यांच्या तोंडावर आला आणि हे लहान पोरासारखे रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. रिंकी आम्हा दोघांना धरून बसली होती.

रिपोर्ट चांगला आला नाही. हेही सांगायलाच हवं, कारण लोकांना शेवट गोड लागतो. उपचार चालू आहेत, कधी बरं असतं, कधी नसतं. मंडळीतले म्हणतात, साक्ष द्या, देवाने काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांना सांगा. काय साक्ष देऊ? उभी राहून कूलरची गोष्ट सांगू? इलेक्ट्रिशियन म्हणतो व्होल्टेज असेल. असेल बाबा. पण व्होल्टेजला माझी नणंद कशी माहीत, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पावसाळा लागल्यावर कूलर ताडपत्रीत बांधून ठेवला. आता थंडी आहे. काल संध्याकाळी यांनी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, आज मला बरे वाटत आहे." सवयीने माझी नजर खिडकीकडे गेली. तिथे नुसती ताडपत्री. म्हणजे ते कामही आता माझ्याच गळ्यात!

"खरं सांगा," मी म्हटलं.

"नाही वाटून राहिलं," हे म्हणाले आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी माझा हात धरला.