बॉनेटवरचं हळदकुंकू

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी क्लच, रेडिएटर, कार्ब्युरेटर असे शब्द इतक्या सराईतपणे वापरणार आहे की एखाद्याचा माझ्याविषयी गैरसमज व्हायचा. मुलुंडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी रीतसर नाव घातलं होतं. तिथल्या मास्तरांनी मला लायसन्स मिळवून दिलं आणि वर, साहेब, तुम्ही आपले रिक्षानेच फिरत जा, असा सल्ला दिला. तो मी आजतागायत पाळतो आहे. नाहूरला आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नावाची पार्किंगची जागा आहे. तिथे शेजाऱ्यांची गाडी उभी असते आणि तिच्या टपावर सोसायटीचं मांजर झोपतं.

अशा माणसाने स्पोर्ट्स कार बांधायला घेतली. खरी नव्हे, एकास आठ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची. तरीही चांगली हातभर लांब. तिचा खोका आला तेव्हा वॉचमनने, नवीन टीव्ही का, म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो. चाळिशी उलटून कधीच गेलेला माणूस प्लास्टिकची गाडी जोडणार आहे, हे गेटवर उभं राहून कबूल करण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

आमच्या घरात माझी ख्याती अर्धवटराव म्हणून आहे. अर्धवट शिकलेली गिटार कपाटावर आहे, अर्ध्यावर वाळलेलं बोन्साय गॅलरीत आहे, आणि जपानी भाषेचं पुस्तक ज्या पानावर उघडलं होतं त्याच पानावर मिटलेलं आहे. बायको म्हणते की माझ्यात सातत्य नाही असं नाही, सोडून देण्यात माझं सातत्य वाखाणण्यासारखं आहे. म्हणून या वेळी मी परतीचे दोर आपल्या हातांनी कापले. मॉडेलं बनवणाऱ्या आम्हा हौशी लोकांचा एक क्लब आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलुंडला एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरणार होतं. मी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं की मी एकास आठची गाडी आणतो आहे आणि तिच्यावर एकही डाग सापडणार नाही. पुढचे सगळे हाल त्या एका वाक्याने केले.

कारण नुसते सुटे भाग जोडून थांबलो असतो तर काम सोपं होतं. पण क्लबातले लोक भिंग घेऊन येतात. मग मी बारकावे घालायला लागलो. जुन्या टेलिफोनच्या वायरी सोलून स्पार्क प्लगच्या वायरी केल्या. बायकोच्या टाकाऊ पर्सचं चामडं तासून सीटवर चढवलं. पर्स टाकाऊ आहे हे मी परस्पर ठरवलं होतं, तो विषय आमच्याकडे अजून अधूनमधून निघतो. दागिन्यांच्या डबीतलं मखमल खरवडून पायाखालचा गालिचा केला. सीटबेल्टची बक्कलं इतकी बारीक होती की एक शिंकेत उडालं, आणि सबंध दुपार मी रांगत ते शोधलं. मागच्या नंबरप्लेटवर आपल्या पूर्व उपनगराचं एमएच झिरो थ्री स्वतःच्या हाताने लिहिलं. ब्रेकची नळी कुठून कुठे जाते हे मला आता झोपेतही सांगता येईल. ब्रेक कधी दाबायचा हे मात्र विचारू नका.

हे सगळं गॅलरीतल्या टेबलावर चालायचं आणि आई शेजारी खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे असते. तिने त्या गाडीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ही कुठल्या देशातली, किती जोरात पळते, कशी दिसते आहे, काहीच नाही. तिला कुतूहल होतं ते माझ्या चिमट्यांचं, कटरचं, पिटुकल्या ड्रिलचं. ही कानस मां रे, असं तिने मला तिच्या मालवणीत एकदोनदा विचारलं, आणि मी, हो आई, कानसच, म्हणून पुन्हा सीटबेल्टात डोकं घातलं. बिचारीला मुद्द्याचं काही कळत नाही, असा माझा समज होता. मी तिला एकदा भिंगातून रेडिएटरची जाळी दाखवली. तिने भिंग हातात घेतलं, त्याची काच पदराने पुसली आणि मला परत दिलं.

रंग मी मोतिया पांढरा घेतला. तुला पांढरा शर्ट सांभाळता येत नाही, असं बायको म्हणाली, ते मी मनावर घेतलं नाही. थरावर थर मारले, पॉलिशपेपरने घासले, पुन्हा मारले. वर पारदर्शक लॅकर दिलं. गाडी अशी काही चमकायला लागली की बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसायचा, आणि तो चेहरा मला चक्क कर्तबगार वाटायचा. लॅकर पुरतं सुकायला अजून वेळ द्यायचा होता. मी घरात सगळ्यांना बजावलं की टेबलाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेलो. बॉनेटच्या बरोबर मधोमध हळदीचं एक बोट होतं आणि त्याखाली कुंकवाचं एक बोट. दोन्ही ओली. वर अक्षता चिकटलेल्या. पर्सच्या चामड्याच्या सीटवर, ड्रायव्हरच्या जागी, एक अख्खं झेंडूचं फूल बसलं होतं. कुंकू टेबलभर झालं होतं. चिमट्यांना लागलं होतं, कटरला लागलं होतं, कानशीला, ड्रिलला, भिंगाच्या दांड्यालासुद्धा. म्हाताऱ्या हाताने सांडलं असणार, असं मी समजलो.

माझी वाट लागली होती. आई आत देवापुढे माळ ओढत बसली होती, तिच्यावर ओरडणं शक्य नव्हतं. शिवाय आईवर ओरडायची माझी तयारी लहानपणापासून कच्ची आहे. मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि आरशातल्या माणसावर रागावलो. त्यानेही माझ्याकडे तसंच पाहिलं.

बायकोने बाहेरून दार वाजवलं. मी सगळं सांगितल्यावर ती गॅलरीत जाऊन बघून आली. हसू दाबत होती, ते मला दिसलं.

"तिला विचार तरी, का लावलंस म्हणून," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? घरात पहिली गाडी आली असं वाटलं तिला. लिंबू चाकाखाली ठेवलं नाही हे नशीब. आणि दसरा उद्या आहे, तेही लक्षात नाही तिच्या."

"बघ हं," ती म्हणाली, "तुला एवढं सगळं माहीतच आहे तर."

मी विचारलं नाही. मी पुसायला लागलो. कुंकू वरवर निघालं, पण हळद कच्च्या लॅकरमध्ये मुरली होती. हळद म्हणजे काय चीज आहे हे ज्याने लग्नातला पांढरा सदरा एकदा धुतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पॉलिश केलं तसा डाग कमी होण्याऐवजी पसरला आणि बॉनेटवर एक पिवळट गुलाबी ढग तयार झाला. मग मी सगळी हत्यारं एका ताटलीत घेतली, थिनरमध्ये बोळा बुडवून एकेक खसाखसा पुसली, आणि पुसताना जे पुटपुटलो ते इथे लिहीत नाही. ऑफिसला बरं नसल्याचं कळवलं. ते खोटं नव्हतं. बॉनेट सुटं काढून पार तळापर्यंत घासलं आणि पुन्हा पहिल्या थरापासून रंगवायला घेतलं.

दसऱ्याला आईने आम्हाला आपट्याची पानं दिली. गाडीकडे फिरकलीही नाही. तिच्या लेखी पूजा उरकली आहे, असं मी मनात म्हटलं आणि सुटकेचा श्वास टाकला. गॅलरीचं दार मी लोटून घेतलं होतं. रविवारपर्यंत बॉनेट पुन्हा आरशासारखं झालं. त्यात माझा चेहरा दिसत होता, आता जरा चोरट्यासारखा.

कारण शनिवारी आई म्हणाली होती की ती प्रदर्शनाला येणार. आता माझी सगळी धास्ती त्या दोन बोटांची होती. तिने लावलेलं कुंकू मी घासून काढलं, हे तिला भर हॉलमध्ये दिसणार होतं. दुपारी ऊन असतं, रिक्षा मिळत नाही, तिथे जिना आहे, असं मी बरंच काही सांगून पाहिलं.

प्रदर्शनात मात्र मी फुलून गेलो. लोक वाकून बघत होते. इंजिनातल्या वायरी, सीट, नंबरप्लेट, सगळ्यांची तारीफ झाली. आमच्या क्लबातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, घाटकोपरचे एक गुजराती काका, भिंग लावून बॉनेट बघत राहिले आणि म्हणाले की डाग नाही म्हणजे खरंच नाही. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हीदेखील मी अर्धवट सोडलेली एक विद्या आहे. मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. आईला खरीच गाडी वाटली, आदल्या दिवशीच दसरा केला, ड्रायव्हर म्हणून झेंडू बसवला. लोक हसले. आणखी दोघे आले, त्यांनाही सांगितली. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा तिच्यात चाकाखालचं लिंबूसुद्धा आलं होतं.

तेवढ्यात दारातून आई आली. बायकोच्या हाताला धरून, नवी साडी नेसून. मी गाडीच्या पुढे उभा राहिलो, म्हणजे बॉनेट माझ्या पोटाआड जाईल. काही उपयोग झाला नाही. काका मनाने फार चांगले, त्यांनी आईला खुर्ची दिली आणि हात जोडून म्हणाले, "माँजी, तुम्ही गाडीची पूजा केली ना? आम्हाला लई आवडलं. पण ह्याने पुसून टाकलं बघा."

आजूबाजूचे लोक आधीच गालात हसत होते. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडयेची पूजा खंय केलंय मी?" ती म्हणाली. "ती दसऱ्याक करतत. त्या दिवशी खंडेनवमी होती. मी हत्यारांची पूजा केलंय. ही मदी उभी होती, म्हणान हिका पण एक बोट लायलंय. पुसलान तर पुसलान."

आई काकांनाच सांगत होती, अगदी साध्या आवाजात. ह्यांची हत्यारं मिलमध्येच राहिली, ती म्हणाली. बाबा मिलमध्ये फिटर होते हे मला माहीत होतं. मिल बंद झाली तेव्हा गेटच्या आत कोणाला सोडलं नाही आणि बाबांचे पाने, हातोडी, कानशी सगळं आतच गेलं, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मुलाचं काम लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप कंपनीचा म्हणून मुलगा त्याला कुंकू लावू देत नाही, असंही तिने सांगितलं. मग इतकी वर्षं ती विळीला आणि कातरीला हळदकुंकू लावून सण करत आली.

"औंदा घरात हत्यारां इली," आई म्हणाली.

मला फार लाज वाटली. जी गोष्ट मी हॉलभर तीनदा सांगितली होती, तिच्यात हसण्यासारखा माणूस एकच होता, आणि तो पोट पुढे करून गाडीसमोर उभा होता. ज्या बॉनेटपायी मी रजा काढली ते तिच्या खिजगणतीतही नव्हतं. तिने आठवणीने, एकेकाला शोधून, ज्यांना कुंकू लावलं होतं त्यांना मी ताटलीत घालून थिनरने पुसलं होतं.

"आणलंस मां हत्यारां?" तिने विचारलं. "दाखव बघू ह्यांका."

पेटी टेबलाखाली होती. मी खाली बसून ती काढली आणि तिच्या मांडीवर उघडली. चिमटे, कटर, कानस, ड्रिल, सगळं लख्ख. कुठे कुंकवाचा कण नाही. लोक गाडी सोडून पेटीभोवती जमले. आईने कानस उचलली, उजेडाकडे धरली, दातांवरून अंगठा फिरवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता तिला कळणार.

आई खूश दिसली. तिने कानस जिथली तिथे ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरी पुसून ठेवतंस रे," ती म्हणाली. "तुझे बाबा पण अशीच पुसून ठेवीत."