हदबचं पाणी

पोर्ट सुदानच्या उन्हात दारावरून जाणाऱ्याला पाणी विचारलं नाही, तर माणूस म्हणवून घ्यायचं कशाला? सित्तनाच्या दाराबाहेर मातीचा रांजण होता, तिच्या मुलाच्या, हदबच्या नावाचा. हदब बंदरात बुडाला तेव्हापासूनचा. गाढवगाडीवर पाणी आलं की आधी तो भरायचा, मग घर. आणि रिकामा करायचा? छे! गेलेल्याच्या नावाचं पाणी कधी आटू द्यायचं नसतं. जुन्यावरच नवं ओतायचं. वर्षं लोटली, रांजणाचा तळ कुणी पाहिलाच नव्हता.

त्यात गल्लीत डेंग्यू शिरला. शेजारची इखलास आरोग्य पथकात होती. दारोदार ओरडत फिरायची, "भांडी ओता, घासा, उन्हात वाळवा!" घरातली भांडी सित्तनानं मुकाट्यानं ओतली. इखलास रांजणाकडे वळली मात्र, बाई भडकली.

"हात लावशील तर खबरदार! ते हदबचं आहे."

"मावशी, आत अळ्या वळवळतायत. त्यांचेच डास होतात."

"तुझ्या डोक्यात वळवळतायत! कॉफी पी आणि चालती हो."

जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. पुढच्या खेपेला इखलास दिसताच सित्तनानं रांजणावर पोतं टाकलं आणि स्वतःच पुढ्यात फतकल मारून बसली. काय म्हणावं या हट्टाला!

मग रौदाला ताप भरला. रौदा तिची एकुलती उरलेली लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. डोळे उघडवेनात, हाडं ठणकत होती, उलट्या थांबेनात. सित्तना उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. एक गेलाय, आता ही? पोटातलं लेकरू?

एका सकाळी ताप उतरला. सित्तनाला रडूच कोसळलं. तिनं कॉफीचे दाणे भाजायला घेतले, गल्लीभर सांगितलं, पोर वाचली म्हणून. इखलास धावत आली. रौदाचा हात धरताच इखलासचा चेहराच उतरला.

"मावशी, हात बर्फासारखे गार आहेत हिचे. डेंग्यूत ताप उतरल्यावरच घात होतो. उठा!"

रौदा पोट धरून कण्हत होती. उशीवर रक्ताचे डाग होते, हिरड्यांतून आलेले. सित्तना गाढवगाडी थांबवायला बाहेर धावली. गाडीवाला पिंपं उतरवेपर्यंत तिनं पोतं ओढलं आणि रांजणात वाकून पाहिलं. पाणी वळवळत होतं.  मग दोन्ही हातांनी जोर लावून तिनं रांजण आडवा केला. वाळूनं पाणी क्षणात पिऊन टाकलं. एक हमाल पाणी प्यायला ओंजळ धरून उभा होता, तो हबकलाच. "अम्मा, हे काय केलंस?"

ती आत धावली. लेकीला पोटाशी धरून गाडीत बसली.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. दुपार कलल्यावर रौदानं डोळे उघडले.

"आई, हदबचं पाणी भरलंस ना?"

"ओतून दिलं."

"ओतून दिलंस?" रौदानं मान उचलली. "मग तो तहानलेला राहील गं तिकडे."

"राहू दे तहानलेला," सित्तना म्हणाली. "मला तू हवीस."

रौदानं तोंड फिरवलं. सित्तना तिचा हात चोळत राहिली. तो अजून गारच होता.