परातीएवढं नाव

लग्नात आहेर द्यायच्या वाटीवर नाव घालायला कुणी आलं आणि "श्री. व सौ., माजी सरपंच, समस्त पाटील परिवारातर्फे सप्रेम भेट" असा मजकूर सांगू लागलं, की शिवप्पा हातातलं नाव कोरायचं मशीन बंद करायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, त्यात विभूतीचे अर्धे पट्टे पुसले जायचे. मग गिऱ्हाइकाकडे बघत म्हणायचे, "वाटी एवढुशी अन् नाव परातीएवढं! परातच घ्या की पाटील, समदे सुखानं बसताल." पाटील हसत हसत परात घेऊन जायचे.

नांदेडच्या जुन्या बाजारात शिवप्पांचं, म्हणजे सगळ्यांच्या अप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. मी भोकरहून कॉलेजात शिकवायला आले आणि त्यांच्याच माडीवर खोली घेतली. जिना दुकानाच्या बाजूने उतरायचा, त्यामुळे अप्पांच्या नकला चुकवणं मला शक्यच नव्हतं. बाजारातल्या प्रत्येकाची नक्कल त्यांना यायची. कापडवाला मीटर मोजताना ओठ कसा चावतो, रिक्षावाला भाडं सांगताना आधी आभाळाकडे कसा बघतो, सगळं. आणि जे असेल त्याच्या दुप्पट.

या शास्त्राचे त्यांचे काटेकोर नियम होते. असेल त्याला तिखटमीठ लावायला हरकत नाही, थाप मात्र मारायची नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने शेजारच्या लंगड्या शिंप्याच्या चालीची नक्कल केली. शिंपी तिथे नव्हता. अप्पांचा चेहरा उतरला. "त्यो हितं न्हाई. माघारी केली की ती टवाळी झाली भाऊ. नक्कल करायची तर तोंडावर, अन् त्यो सोता हसला पायजे."

"पण अप्पा, तुम्ही इतकं वाढवून का करता?" मी विचारलं.

"वाढवल्याबिगर दिसत न्हाई म्याडम. मानसाला सोताचं काईच दिसत न्हाई."

तरी वर्ष झालं, माझी नक्कल काही त्यांनी केली नाही. मला सुटका वाटायला हवी होती, पण राग येऊ लागला. आपल्यात नक्कल करण्याजोगं काहीच नाही की काय? मग एका संध्याकाळी मी चहाची गाळणी घ्यायला गेले. अप्पांनी ओढणी असावी तसा खांद्यावर टॉवेल सारखा केला, चार वेळा केला, आणि माझ्याच आवाजात म्हणाले, "तसं नाही, पण... ही गाळणी चांगली आहे, तसं नाही, पण... तिला भोकं जरा जास्त नाहीत का?"

सगळं दुकान हसलं. मी गाळणी तिथेच ठेवून वर निघून आले. तीन दिवस मान खाली घालून जिना उतरले. चौथ्या दिवशी वर्गात एका मुलीच्या बरोबर उत्तरावर माझ्या तोंडून आलं, "तसं नाही, पण..." आणि मी थांबले. त्या मुलीचा चेहरा पडलेला मला पहिल्यांदाच दिसला. संध्याकाळी जाऊन मुकाट्याने गाळणी घेतली. अप्पांनी ती जुन्या पेपरात बांधून दिली.

पुढच्या वर्षी अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. जीभ थोडी वळत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्ताच बोलतं करा, नाहीतर वाचा परत यायची नाही. पण अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बाजारातले लोक यायचे, हात जोडायचे, हळू आवाजात "आराम करा" म्हणून जायचे.

त्यांच्या पत्नी, अक्का, जिन्यात मला धरून रडल्या. "समदे मयतीला आल्यावानी बसून जायलेत. मानूस जिता हाय की माय!"

मला नक्कल येत नाही. पण त्या दिवशी मी अप्पांच्या खाटेपाशी उभी राहिले, चष्मा कपाळावर सरकवला, तोंडाने मशीनची घरघर केली आणि म्हणाले, "वाटी एवढुशी अन् नाव परातीएवढं!" भिंतीकडचं डोकं हललं नाही. अक्कांनी पदर तोंडाला लावला. लाजेनं माझे कान तापले, तरी मी पुन्हा केलं.

डोकं हळूच वळलं. वाकड्या ओठातून एकेक अक्षर ओढत अप्पा म्हणाले, "क... कमी... पडलं."

अक्का खालीच बसल्या.

"वा... ढव," अप्पा म्हणाले.

मी वाढवलं. घसा बसेपर्यंत वाढवलं.

वाचा बरीचशी परत आली. वाकडं तोंड तसंच राहिलं, आणि भेटायला येणाऱ्यांपुढे अप्पा त्याचीच नक्कल करू लागले, होतं त्याहून वाकडं करून.

माझी लातूरला बदली झाली तेव्हा त्यांनी एक वाटी हातात ठेवली. आता ते डाव्या हाताने मशीन धरत. काठाभोवती, पार वेढा घालून, अक्षरं थरथरत गेली होती. माझं नाव कुठेच नव्हतं. कोरलं होतं, 'तसं नाही, पण'.

गेल्या वर्षी अप्पा गेले. लातूरच्या घरी पाहुणे त्या वाटीतून चटणी घेतात आणि हे काय म्हणून विचारतात. मग मी चष्मा कपाळावर सरकवते आणि अप्पांची नक्कल करून दाखवते. दर वेळी थोडी वाढवून.